चार नंबरमधली रेघ

चक्रनारायण मॅडमच्या गळ्यात दोन गोष्टी असायच्या. बारीक साखळीत क्रूस आणि काळ्या दोरीत शिट्टी. क्रूस पदराआड, शिट्टी बाहेर. मी शाळेत नवीन रुजू झालो तेव्हा मला वाटलं, या बाई खेळाच्या तासाच्या असाव्यात. त्या भूगोल शिकवायच्या.

शिट्टीचा कायदा ठरलेला होता. एक लांब शिट्टी म्हणजे 'कुठं आहात?' तिला दोन आखूड शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं, 'इथं आहोत, ठीक आहोत.' मुलींच्या प्रत्येक गटात एकीच्या गळ्यात शिट्टी असायचीच. एकदा तपासणीला आलेले साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत बशीतून चहा पीत होते. मॅडमनी व्हरांड्यात लांब शिट्टी मारली आणि पाण्याच्या टाकीमागून, वर्गातून, चिंचेखालून एकदम दोन-दोन शिट्ट्या उठल्या. साहेबांचा चहा शर्टावर. मॅडम आत येऊन म्हणाल्या, "हजेरी चालू आहे," आणि निघून गेल्या.

दुसरी खोड दिशांची. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. स्टाफरूममध्ये जेवताना "तो डबा जरा उत्तरेला सरकवा" म्हणायच्या. एकदा सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "लांडगे सर, तुमच्या मिशीला पश्चिमेकडून वरण लागलंय." मी नगरच्या सावेडीत वाढलेला, रिक्षावाल्याला दुकानांच्या पाट्यांवरून पत्ता सांगणारा माणूस. चुकीची बाजू पुसली. त्यानंतर कितीतरी दिवस नववीच्या मुली माझ्याकडे बघून मिशीवरून बोट फिरवायच्या.

आणि त्यांचा एक नियम होता, जो त्या पहिल्याच तासाला मुलांकडून घोकून घ्यायच्या. हरवलं की बसायचं. "हरवलेला माणूस चालत राहतो, म्हणून सापडत नाही. तुम्ही बसा. शोधायचं काम माझं."

या नियमाला आमच्याकडं अर्थ होता. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव म्हणजे नवं गाव. जुनं गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, मैलभर गाळ उघडा पडतो, लोक त्यात पीक घेतात. त्याला इकडं गाळपेर म्हणतात. पिकातून पायवाटा पडतात, बैलगाड्या जातात, वस्तीवरची पोरं जवळची वाट म्हणून तिथूनच शाळेला येतात. मग कधीतरी वरच्या धरणांतून पाणी सुटतं आणि ती वाट राहत नाही. जमीन इतकी सपाट की पाणी येतंय हे पायाला लागेपर्यंत कळत नाही. मॅडमचा जन्म त्या जुन्या गावातला. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. एकदा कुणीतरी फारच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आमचं घर आता मासे वापरतात," आणि वह्या तपासायला घेतल्या.

तर पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या शाळेला देणगी देऊ केली. मुलांना नकाशावरून आणि जीपीएसवरून वाट शोधायला शिकवा, लागतील ती यंत्रं आम्ही देतो, निवड तुम्ही करा. निवड आमच्यावर सोडली हेच अवघड झालं. मुख्याध्यापक दरंदले सरांचं मन टॅबलेटवर बसलं. नगरहून विक्रेता आला, त्यानं मोठ्या पडद्यावर उपग्रहानं काढलेला नकाशा उघडला आणि आमच्या शाळेचे पत्रे दाखवले. सर खुर्चीतून उठले. "अरे, ही आपली टाकी! ही माझी मोटारसायकल!"

मॅडम बसून बघत होत्या. विक्रेत्याकडं हातात धरायची जीपीएस यंत्रंही होती. जाडजूड, बुटकी, बटणांची, पडदा जेमतेम काडेपेटीएवढा. दोन्हीचे नमुने आठवडाभर ठेवून घेते, असं त्या म्हणाल्या.

तो आठवडा त्या विक्रेत्यानं पाहिला असता तर त्यानं माल परत नेला असता. मॅडमनी दोन्ही वस्तू भर उन्हात पत्र्यावर ठेवल्या. टॅबलेट तापून बंद पडला. चालू झाला तेव्हा उन्हात त्यात नकाशाऐवजी मला माझंच तोंड दिसलं. शेंगदाण्याची चटणी खाल्लेल्या पाचवीच्या पोरीला, हात न धुता, दोन्ही चालवायला दिले. दोन्ही व्हरांड्याच्या कट्ट्यावरून खाली पाडले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वीज दोन दिवस गेली तर हा टॅबलेट कशावर चालणार? या छोट्या यंत्राला पेन्सिल सेल लागतात. ते वस्तीवरच्या किराणा दुकानातसुद्धा मिळतात."

पण खरी परीक्षा नकाशांची होती, आणि ती त्यांनी शेवटाला ठेवली होती. विक्रेता परत आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता मला फुगवटा दाखवा."

टॅबलेटवरचं चित्र उन्हाळ्यात काढलेलं होतं. फुगवट्याच्या जागी हिरवीगार शेतं, त्यातून गाडीवाटा, अगदी झाडंसुद्धा दिसत होती. छोट्या यंत्रातल्या नकाशात तिथं नुसता निळा रंग. शेत नाही, वाट नाही, काही नाही.

"बघा," दरंदले सर म्हणाले, "यात किती माहिती आहे!"

"दोन्ही खोटे आहेत, सर. हा छोटा उन्हाळ्यात खोटा, तो मोठा पावसाळ्यात खोटा." मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण हातातला खडू मोडला. "जमीन असताना पाणी दाखवलं तर पोरगी वळसा घालून घरी जाईल. पाणी असताना जमीन दाखवली तर? मला जमीन दाखवून फसवणारा नकाशा शाळेत नको."

विक्रेता हसण्यावारी न्यायला गेला. कुणी हसलं नाही. त्या खोलीतल्या जवळपास प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी त्या गाळात रुतून, ओरडून, दोरानं ओढून बाहेर काढलेलं होतं. छोटी यंत्रं घ्यायचं ठरलं. सर दोन दिवस मॅडमशी तुटक बोलले.

यंत्रं आली, त्यांवर पांढऱ्या रंगानं नंबर पडले. मेच्या सुट्टीत मी कामासाठी शाळेत आलो होतो तेव्हा फुगवट्याच्या काठच्या बंधाऱ्यावरून पाहिलं, मॅडम डोक्यावर छत्री आणि हातात एक यंत्र घेऊन गाळपेरीतून दूरवर चालल्या होत्या. परतल्या तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली.

"कुठं जाऊन आलात?"

"यंत्र तपासायला," त्या म्हणाल्या. मी आणखी काही विचारलं नाही.

धडे सुरू झाले. पद्धत साधी होती. मॅडम आधी स्वतः वाट चालायच्या, यंत्र ती वाट साठवून ठेवायचं, पडद्यावर तिची जाड रेघ उमटायची. मुलींनी त्या रेघेवरून चालत वाटेतल्या खुणा शोधायच्या. सुरुवात नेहमी झेंड्याच्या खांबापासून. आणि सूचना एकच, "रेघ सोडायची नाही."

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यातसुद्धा धरण अर्धंच होतं आणि गाळपेर अजून उघडी होती. मॅडमनी नववीच्या मुलींसाठी वाट आखली ती फुगवट्यापासून दूर नेणारी. खांबापासून कालव्याच्या चारीवरच्या पुलापर्यंत, तिथून दक्षिणेला वळून गावठाणाला वळसा. सकाळी गट एकेक यंत्र घेऊन निघाले. दुपारपर्यंत चिंचेखाली परत यायचे होते.

चार नंबरचा गट आला नाही.

मॅडमनी लांब शिट्टी मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. परत आलेल्या मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, उसात रमल्या असतील. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या झेंड्याच्या खांबाशी गेल्या, चारीच्या पुलाकडं बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं.

"चार नंबर," त्या म्हणाल्या. "सर, तुमची गाडी काढा."

"कुठं?"

"ईशान्येला. त्यांनी माझी रेघ धरलीय."

गाडीवर मागून त्यांनी तुटक तुटक सांगितलं. मे महिन्यात जुन्या गावापर्यंत चालत गेलेली वाट त्याच यंत्रात साठलेली होती. तीही खांबापासूनच निघणारी. पुलापर्यंत दोन्ही रेघा एकच. तिथून मुलींची दक्षिणेला वळते, मॅडमची सरळ फुगवट्यात जाते. ती पुसायची राहिली होती. "आणि आज सकाळी वरून पाणी आलंय," त्या म्हणाल्या.

बंधाऱ्यावर पोचलो तर समोर गाळपेर होती तशीच, पण तिच्या मधोमध एक चमकता पट्टा पसरलेला. जुना ओढा भरला होता आणि पाणी दोन्ही अंगांनी पिकात शिरत होतं. मॅडमनी शिट्टी तोंडाला लावली. एक लांब.

आम्ही थांबलो. वारा उलटा होता.

पुन्हा एक लांब. आणि मग पार पलीकडून, बारीक, दोन आखूड.

मी आयुष्यात इतका गोड आवाज ऐकलेला नाही. मॅडम मात्र मटकन खाली बसल्या आणि लगेच उठल्या. "बसल्यात," म्हणाल्या. "आमच्या घराच्या जोत्यावर बसल्यात पोरी. शहाण्या माझ्या." पाण्यापलीकडं दगडांच्या एका उंचवट्यावर चार निळे ठिपके दिसत होते. तेवढीच जागा कोरडी होती आणि कोरडी किती वेळ राहील ते सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात भाऊसाहेब धावत आला. गटप्रमुख ऋतुजाचा बाप, शाळा समितीचा सदस्य. कुणीतरी त्याला शेतातून बोलावलं होतं. त्यानं चपला फेकल्या आणि सरळ गाळात उतरायला निघाला. मॅडमनी त्याचा दंड धरला.

"तिकडून नाही. रुतलात तर तुम्हाला काढायला आणखी दोघं लागतील."

"सोडा बाई! माझी पोर हाय तिकडं!"

"माझ्या चार आहेत. मासेमारांचा चप्पू आणायला माणूस पाठवा. तोवर मी जाते. ओढ्यावर जुना फरशीचा पूल होता, तो अजून पाण्याखाली आहे. फरशीवरून गल्ली दगडी आहे, घरापर्यंत."

"तुमी कवा बघितली ती? लहान हुता तुमी!"

"दर उन्हाळ्यात बघते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, बंधाऱ्यावरची एक काठी उचलली आणि चालायला लागल्या. हातात यंत्र नव्हतं. ती वाट ज्या एकाच यंत्रात होती ते पलीकडं पोरींच्या हातात होतं. पाणी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पट्ट्याच्या काठाशी त्या थांबल्या आणि काठीनं खाली चाचपायला लागल्या. काठी गाळात जायची, पुन्हा वर यायची. थोडं पूर्वेला सरकायच्या, पुन्हा चाचपायच्या. भाऊसाहेब माझ्या शेजारी देवाचं नाव घेत होता, एकाच देवाचं नाही, आठवेल त्याचं. त्यांनी काठी पुन्हा खाली टाकली. या वेळी ती आत गेली नाही. दगडावर आपटल्याचा आवाज आम्हाला बंधाऱ्यावर ऐकू आला. मॅडम त्या जागी पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत. पाऊल टाकायच्या आधी काठी, मग पाऊल. मला वाटतं मी त्या वेळात डोळे मिटले असावेत, कारण पुढचं आठवतं ते त्या पलीकडच्या जोत्यावर उभ्या असलेल्या आणि चार पोरी त्यांना चिकटलेल्या.

परत येणं आणखी कठीण होतं. पाणी वाढलं होतं आणि पलीकडच्या बाजूनं फरशी ओळखायला काहीच खूण नव्हती. तेव्हा मॅडमनी पोरींची साखळी केली. स्वतः पुढं काठी घेऊन, मागं ऋतुजा यंत्र छातीशी धरून. अर्ध्या वाटेत आल्यावर आम्हाला त्या पोरीचा आवाज ऐकू यायला लागला. रडून बसलेला, पण खणखणीत.

"मॅडम, पश्चिमेला व्हा. आनखी. आता सरळ. मॅडम, थांबा, रेघ सुटली. उत्तरेला एक पाऊल."

आणि मॅडम एखाद्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. काठी टाकायच्या, दगड लागला की पाऊल. सगळ्या पाचही जणी तशाच आल्या. चप्पू आला तोवर पोरींनी कोरडे कपडे घातले होते.

भाऊसाहेबानं ऋतुजाला आधी एक ठेवून दिली आणि मग पोटाशी धरून रडला. ती सारखं एकच म्हणत होती, "आमी रेघ न्हाई सोडली, आण्णा. मॅडमची रेघ हुती. मागनं पानी आलं तवा मंग बसलो."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक ठरली. त्याआधी दरंदले सरांनी मॅडमना खोलीत बोलावलं. मीही होतो. सर वाईट माणूस नाहीत; त्या रात्री तेही झोपले नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, यंत्र चुकलं म्हणू. रेघेचं कुणाला कळत नाही. विषय मिटला. तुमची दोन वर्षं राहिलीत, नाव खराब करून कशाला जायचं?"

"मग यंत्रं परत जातील."

"जाऊ द्या की. टॅबलेट येतील."

क्रूस बाहेर आला होता तो मॅडमनी पदराआड सारला. मला खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं असं वाटत होतं. असली बाई शाळेतून मान खाली घालून जाऊ नये एवढंच तेव्हा मला कळत होतं.

बैठकीत गर्दी होती. भाऊसाहेब उभा राहून म्हणाला, "मशीन बिघडलं असं सर म्हनत्यात. मग ही असली मशिनं पोरींच्या हातात दिली कुनी?"

मॅडम उठल्या. "यंत्र बिघडलं नव्हतं. पोरींचंही काही चुकलं नाही. यंत्रावरूनच आम्ही परत आलो. त्यातली रेघ माझी होती. मी मेमध्ये आमच्या घरापर्यंत गेले होते, ती वाट आत राहिली."

"मंग पुसली का न्हाई, बाई?" भाऊसाहेबाचा आवाज फाटला. "एवढं सगळ्यांना शिकवता. जमीन दाखवनारा नकाशा नको म्हनून भांडला तुमी. आन् स्वतःच जमीन दाखवली?"

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पुसवली नाही मला. विसरले नव्हते. रोज बटणावर बोट जायचं. पुसवली नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. भाऊसाहेब खाली बसला. त्याच्या बापाचं घर त्याच गल्लीत होतं, हे मला नंतर कळलं. मग तो म्हणाला, "यंत्रं ऱ्हाऊ द्या. पोरींना शिकवा. पन बाईंच्या हाती न्हाई."

तसंच ठरलं. धडे माझ्याकडं आले. मॅडमनी चिंचेखाली ऋतुजाला बोलावून चार नंबर तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ती रेघ पूस." पोरीनं बटणं दाबली. यंत्र खात्री करून घ्यायला विचारतं, पुसायचं का म्हणून. ऋतुजानं वर पाहिलं. "मॅडम, पुसू?" मॅडमनी मान हलवली. मग स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी तिच्या गळ्यात घातली.

त्यानंतर त्या पुन्हा मैदानात आल्या नाहीत. वर्गात शिकवायच्या, नकाशे काढून घ्यायच्या, डबा उत्तरेला सरकवायला सांगायच्या. मी मुलींना घेऊन खांबापाशी उभा राहिलो की खिडकीत त्या दिसायच्या. मी बघतोय म्हटल्यावर फळ्याकडं वळायच्या. मला दिशा अजूनही चटकन कळत नव्हत्या. मुली हसून सांगायच्या.

त्या निवृत्त झाल्या तो मे महिना. मी सुट्टीतल्या शिबिराच्या मुलींना घेऊन बंधाऱ्यावर गेलो होतो. उन्हात गाळपेर तडकलेली, पिकं निघून गेलेली. दहावी झालेली ऋतुजा मदतीला आली होती, तिनं आधी पाहिलं. दूर, ओढ्याच्या पलीकडं, एक बाई एकटी चालली होती. छत्री नाही, हातात काही नाही.

"मॅडम हाईत," ऋतुजा म्हणाली.

तिनं चार नंबर चालू केला. मीही वाकून पाहिलं. पडद्यावर तिथं नुसता निळा रंग होता. त्या नकाशाप्रमाणं चक्रनारायण मॅडम भर पाण्यातून चालल्या होत्या. न वळता, न थांबता त्या दगडांच्या उंचवट्यापाशी पोचल्या, वर चढल्या आणि इकडं पाठ करून बसल्या. बराच वेळ झाला तरी उठल्या नाहीत. हाक मारावी तर आवाज तिथपर्यंत जाणार नव्हता, आणि हाक मारून काय म्हणायचं तेही सुचत नव्हतं.

ऋतुजानं गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. एक लांब.

मॅडमकडं आता शिट्टी नाही, हे आम्हा दोघांनाही त्याच वेळी आठवलं. तरी आम्ही थांबलो. जोत्यावरची ती लहानशी आकृती उभी राहिली, आमच्याकडं वळली. मग तिनं हात वर केला, खाली घेतला, आणि पुन्हा एकदा वर केला.